इंग्लंडमधल्या छोट्या गावातल्या समुद्रावर चार-पाच दिवस: आधी ओहोटी बघा, मग बुकिंग करा

इंग्लंडमधली आपली मंडळी समुद्रावर जायचं म्हटलं की गाडी काढून ब्रायटन नाहीतर बोर्नमथ गाठतात. दुपारी बाराला पोचायचं, पार्किंग शोधता शोधता एक वाजतो, मग घरून आणलेले पराठे खायचे, पायाला पाणी लावायचं, 'बर्फ आहे नुसता' म्हणून ओरडायचं आणि पाचला परत निघून रात्री दहापर्यंत मोटरवेवर. मीही पाच-सहा वर्षं हेच केलं. मग आई-बाबा देवगडहून आले, आईने ब्रायटनचा बीच बघितला आणि "वाळू कुठाय रे? नुसते गोटे. आणि ह्याच्यासाठी तीन तास गाडीत?" एवढं बोलून शाल ओढून बसली. तेव्हा ठरवलं की आता नीट जायचं, एखाद्या छोट्या गावात, चार-पाच रात्री राहून.

गाव निवडलं लाइम रीजिस आणि त्याच्या शेजारचं चारमथ. डॉर्सेट परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, शेजारच्या डेव्हनच्या हद्दीला चिकटून. ह्या पट्ट्याला ज्युरासिक कोस्ट म्हणतात, ९५ मैल लांब, २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि कड्यांमध्ये एकूण साडेअठरा कोटी वर्षांच्या काळाचे थर एकावर एक दिसतात. तेव्हापासून आम्ही तीनदा जाऊन आलोय. काय चुकलं, काय जमलं ते सगळं सांगतो, लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

१. सगळ्यात आधी तिथी बघा (गंमत नाही करत)

हॉटेल नाही, हवामान नाही, पहिल्यांदा भरती-ओहोटी. कारण इथल्या किनाऱ्यावर करण्यासारख्या निम्म्या गोष्टी फक्त ओहोटीलाच होतात, आणि जिवावर बेतणाऱ्या बहुतेक चुका भरतीला होतात.

कोकणातल्या लोकांना हे शिकवायला नको. आमच्याकडे पाऊणकीचा हिशोब असतो, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पहिल्या ट्रिपला आईने कॉटेजच्या टेबलावर बसून मोबाईलमध्ये पंचांग उघडलं, पौर्णिमा होती, आणि जाहीर करून टाकलं की सव्वाअकराला भरती, दुपारभर पाणी वर असणार, कोणी खाली जायचं नाही, पाच-साडेपाचला जाऊया. कॉटेजवालीने ठेवलेल्या टाइड टेबलच्या चोपडीत मात्र त्याच दिवशी दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण ओहोटी लिहिलेली. आई म्हणाली, "छापायची चूक असेल." दीडला खाली जाऊन बघतो तर पाणी कुठच्या कुठे मागे गेलेलं, काळे खडक उघडे पडलेले, पोरं त्यात खेळतायत. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांचा समुद्र उलटा आहे."

उलटा वगैरे नाही, भरतीची लाट अटलांटिकमधून इंग्लिश चॅनलमध्ये शिरते आणि पुढे सरकत प्रत्येक बंदराला वेगवेगळ्या वेळी पोचते, त्यामुळे देवगडचं गणित लाइमला लागू होत नाही. पण उधाण आणि भांग मात्र चंद्राचेच, ते जगभर सारखे. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड वर नाही धड खाली नाही. आणि लाइमचं नशीब असं, की उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी बरोब्बर दुपारी येते. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या तुमच्या मुक्कामात बसली तर सकाळी आरामात आंघोळ-नाश्ता करून निघा आणि भरदुपारी उजेडात सगळ्यात मोठी ओहोटी पदरात. अष्टमीला गेलात तर ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी, आणि तीही अर्धवट. म्हणून म्हटलं तिथी बघा. अर्थात त्याच उधाणाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळची भरती पार कड्याच्या पायथ्याला लागते, हेही विसरू नका.

वेळा बघायला ॲडमिरल्टीची ईझीटाइड साइट फुकट आहे, पुढचे काही दिवस दिसतात. गावातल्या दुकानात वर्षभराची छोटी चोपडीही मिळते. एक भानगड लक्षात ठेवा, काही टेबलं वर्षभर जीएमटीत म्हणजे ग्रीनविचच्या वेळेत छापतात, उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात म्हणून त्यात एक तास मिळवावा लागतो. चोपडीच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

२. कधी जायचं, कुठे राहायचं

शाळेत जाणारी मुलं नसतील तर जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, आणि सप्टेंबरमध्ये पाणी वर्षातलं त्यातल्या त्यात कोमट असतं (उन्हाळाअखेर १७-१८ डिग्री, म्हणजे आपल्या हिशोबाने तरीही थंडच). जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत शाळांना सुट्टी, तेव्हा भाडं दुप्पट आणि गर्दी तिप्पट. मेच्या शेवटी हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीतही तेच. मुलं आहेत आणि पर्याय नाही? मग जानेवारीतच बुक करा.

राहायला तीन प्रकार. सेल्फ केटरिंग कॉटेज, हॉलिडे पार्कमधली स्टॅटिक कॅरॅव्हॅन, नाहीतर बी अँड बी, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. आई-वडील बरोबर असतील तर माझं मत कॉटेज, कारण स्वयंपाकघर. सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात मिळाला की बाबा दिवसभर कुठेही यायला तयार असतात. बजेट कमी असेल तर कॅरॅव्हॅन, दिसायला खोका पण आत दोन-तीन बेडरूम, गॅस, फ्रिज सगळं, मुलांना तर घरापेक्षा तेच आवडतं. कॉटेज उन्हाळ्यात बहुतेक शुक्रवार ते शुक्रवार नाहीतर शनिवार ते शनिवार अशा अख्ख्या आठवड्याने देतात, तीन-चार रात्रींच्या हव्या असतील तर सीझनच्या बाहेर विचारा.

बुक करताना हे नक्की विचारा: पायऱ्या किती, पार्किंग दारात आहे की गावाबाहेर, आणि बीचपासून परत वर येताना चढ किती. लाइम हे अख्खं गाव डोंगरउतारावर वसलंय, खाली जाताना काही वाटत नाही, येताना गुडघे बोलायला लागतात. आणि 'सी व्ह्यू' ह्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या पहिल्या कॉटेजचा सी व्ह्यू बाथरूमच्या खिडकीतून होता, कमोडच्या कडेला उभं राहून मान डावीकडे काढली तर. बाबा रोज सकाळी आतून ओरडून सांगायचे, "आज शांत आहे हो समुद्र!"

चारमथ त्यामानाने सपाट आणि शांत, बीचच्या अगदी जवळ कार पार्क आहे, म्हाताऱ्या माणसांना बरं. लाइममध्ये दुकानं, हॉटेलं, रौनक जास्त.

३. जायचं कसं

ट्रेनने: लंडन वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टर, पावणेतीन तासांच्या आसपास, तिथून स्टेशनबाहेरून लाइमला जाणारी बस, पुढचं अंतर नऊ-दहा किलोमीटरच आहे. मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश सूट आणि मुलांना ६० टक्के, एका फेरीतच पैसे वसूल. गाडीने: एम ३ आणि मग ए ३०३. हा रस्ता स्टोनहेंजच्या शेजारून जातो आणि तिथे हमखास ट्रॅफिक तुंबतो, त्यामुळे स्टोनहेंजचं दर्शन गाडीत बसल्या बसल्या फुकटात होतं. शनिवारी निघणार असाल तर सकाळी सहाला निघा, नंतर निघालात तर डबे गाडीतच उघडावे लागतात.

पार्किंगसाठी सुट्टी नाणी ठेवा. हल्ली सगळं ॲपवर असतं खरं, पण किनाऱ्यालगत आमच्या फोनला बऱ्याचदा रेंजच नसायची आणि मागे लाइन लागलेली असताना ॲप डाऊनलोड करत बसणं फार वाईट.

४. बॅगेत काय

थोडक्यात: वारा अडवणारं जॅकेट ऑगस्टमध्येसुद्धा, खोल खाचांचे तळवे असलेले बूट (खडकावरचं शेवाळ म्हणजे तेल ओतल्यासारखं), सनस्क्रीन, कारण वारा गार असला की ऊन कळत नाही आणि रात्री नाक सोललेलं असतं. मुलांना वेटसूट, स्वस्तातला सुपरमार्केटमधलाही चालतो, त्याने मुलं पाण्यात दहा मिनिटांऐवजी तासभर टिकतात. विंडब्रेक नावाचा काठ्यांना लावलेला पडदा मिळतो, बीचवर तो ठोकून आडोसा करायचा, त्याशिवाय चपाती-भाजीत वाळू ठरलेली. थर्मासमध्ये चहा. मसाल्याचा डबा घ्याच, का ते खाली येईल.

५. फॉसिल (म्हणजे जीवाश्म, दगड झालेले जुने जीव) शोधणं: हे मुख्य

इथे येऊन नुसतं समुद्रात पाय बुडवून गेलात तर काहीच केलं नाहीत असं मी म्हणेन. चारमथच्या बीचवर, कुठलंही तिकीट न काढता, साध्या डोळ्यांनी शोधून तुम्ही साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा जीव हातात घेऊ शकता आणि खिशात टाकून घरी नेऊ शकता. ॲमोनाइट म्हणजे चकलीसारखा वेटोळा शंख. आईने पहिला हातात घेतला आणि लगेच म्हणाली, "अगो बाई, हा तर शाळिग्राम!" आणि ते बरोबरच आहे, गंडकी नदीतले शाळिग्राम हे ॲमोनाइटचेच फॉसिल, फक्त वेगळ्या समुद्रातले.

कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये जा, बीचच्या तोंडाशीच आहे, प्रवेश फुकट. तिथे खरे नमुने बघून डोळा तयार करून घ्या, नाहीतर दोन तास नुसते दगड उचलत बसाल. त्यांच्या लोकांबरोबरचे गायडेड फॉसिल वॉक असतात, पैसे पडतात पण पहिल्यांदा जाणाऱ्याने घ्यावेतच, तारखा आधी बुक कराव्या लागतात.

मग वेळ. पूर्ण ओहोटीच्या साधारण दोन तास आधी चालायला लागा आणि ओहोटीचा टाइम झाला की उलट फिरा. अजून पाणी लांब आहे ना, अजून थोडं, असं करायचं नाही. चारमथ ते लाइम हे अंतर बीचवरून चालता येतं पण मधल्या पट्ट्यात भरतीला पाणी कड्याला टेकतं आणि वर चढायला वाट नाही. दरवर्षी कोणी ना कोणी अडकतं आणि लाइफबोट बोलवावी लागते.

मग जागा. सगळे नवखे लोक कड्याकडे जातात आणि मातीत खणायला लागतात. तिथे जायचंच नाही. एक म्हणजे कड्यात खणायला परवानगी नाही, आणि दुसरं म्हणजे हे कडे सतत ढासळतात. २०१२ साली ह्याच किनाऱ्यावर बर्टन ब्रॅडस्टॉकला दरड कोसळून बीचवरच्या एका मुलीचा जीव गेला. कड्याखाली जो चिखल वाहून आलेला दिसतो तो वरून सुकलेला वाटतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. फॉसिल मिळतात ते बीचवर, समुद्राने धुऊन दिलेले, भरतीरेषेच्या खालच्या बारीक खडीत. खरं तर सगळ्यात भारी दिवस म्हणजे हिवाळ्यातल्या वादळानंतरचे, तेव्हा नवीन माल येतो, पण थंडीत लहान मुलं घेऊन कोण जाणार.

आता डोळा. एक चटईएवढी जागा निवडा, उकिडवे बसा आणि हलू नका. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. तांदूळ निवडतो तसं बघायचं, एकेक खडा नाही, सगळं एकदम, आणि जे वेगळं आहे ते आपोआप टोचतं. दोन गोष्टी सहज मिळतात. एक बेलेमनाइट, पेन्सिलच्या टोकासारखे किंवा बंदुकीच्या गोळीसारखे, माकूळ असतो ना त्याच्या नात्यातल्या प्राण्याचा आतला भाग. आणि दुसरे पायराइटचे (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) छोटे ॲमोनाइट, रुपयाच्या नाण्याएवढे किंवा त्याहून लहान, पितळेसारखे चमकणारे. माझ्या मुलीने तिचा पहिला असाच काढला, नखाएवढा, ओली खडी बोटाने बाजूला सारताना मध्येच एक सोनेरी वेटोळं, कुणीतरी कानातलं पाडलंय असं वाटून ती "बाबा, कुणाचं तरी हरवलंय" म्हणत घेऊन आली.

हातोडी लागत नाही. घेऊन गेलात तर फक्त बीचवर सुटे पडलेले दगड फोडायचे, डोळ्यांना गॉगल लावून, आणि आजूबाजूला मुलं नसताना. काही मोठं, हाडासारखं, मणक्यासारखं मिळालं तर सेंटरमध्ये नेऊन दाखवा. महत्त्वाच्या नमुन्यांची तिथे नोंद करतात.

लाइमला कॉबच्या, म्हणजे जुन्या दगडी धक्क्याच्या पलीकडे, पश्चिमेला, मॉनमथ बीच आहे. तिथे चांगल्या ओहोटीला खडकाची एक फरसबंदीच उघडी पडते आणि त्यात शेकडो ॲमोनाइट, काही तर परातीएवढे. हे बघायचे, फोटो काढायचे, हात लावायचा पण काढायचे नाहीत. उधाणाच्या ओहोटीलाच नीट दिसतात, म्हणून ती तिथी.

आणि मेरी ॲनिंगबद्दल मुलांना आधी सांगून ठेवा, मग त्यांना मजा येते. १७९९ साली ह्याच गावात जन्मलेली गरीब सुताराची मुलगी, वडील वारल्यावर हेच फॉसिल पर्यटकांना विकून घर चालवायची. १८११ मध्ये तिच्या भावाला एक मोठी कवटी सापडली, पुढच्या वर्षी बाकीचा सांगाडा हिने शोधून काढला, तो इक्थिओसॉर, डायनासोरांच्या काळातला समुद्रातला सरपटणारा प्राणी. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. १८२३ मध्ये पूर्ण प्लेसिओसॉर, तसाच पण लांब मानेचा. लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीत बायकांना सभासदच होता येत नव्हतं, ते १९१९ मध्ये जमलं, ती १८४७ मध्येच गेली होती. तिचा कुत्रा ट्रे १८३३ मध्ये दरड कोसळून तिच्या डोळ्यांदेखत, अगदी पायाशी मेला. कड्यापासून लांब राहा हे मुलांना मी दहा वेळा सांगून जे झालं नाही ते ह्या कुत्र्याच्या गोष्टीने झालं. २०२२ पासून तिचा पुतळा गावात उभा आहे, कुत्र्यासकट.

६. कॉबवर खेकडे

कॉब म्हणजे लाइमचा जुना दगडी धक्का, समुद्रात वाकडा गेलेला. वर चालता येतं, पण त्याचा माथा समुद्राकडे चक्क उतरता आहे आणि कठडा नाही. वारा जोरात असेल किंवा ओलं असेल तर खालच्या बाजूने चाला.

आतल्या बाजूला, बंदरात, पोरं दोरी सोडून बसलेली दिसतील. क्रॅबिंग. दुकानात दोरी, जाळीची पिशवी आणि बादली मिळते. हुक असलेली दोरी घेऊ नका, जाळीची पिशवी बरी, खेकड्यालाही आणि तुमच्या बोटांनाही. आमिष म्हणून सगळे बेकनचे तुकडे घालतात, घरात चालत नसेल तर माशाचं डोकं मागून घ्या, उलट जास्त येतात. बादलीत समुद्राचंच पाणी, सावलीत ठेवायची, एका वेळी तीन-चारच खेकडे, नाहीतर आपसात मारामारी करून नांग्या तोडतात. धरायचा मागून, पाठीच्या दोन्ही कडांना. आणि दहा मिनिटांनी पाण्याजवळ नेऊन हळू सोडायचा.

हे शेवटचं आईला अजून पटलेलं नाही. "सोडायचे? एवढ्या कुर्ल्या? मग पकडल्या कशाला?" शेजारच्या इंग्लिश आजोबांना तिने हातवारे करून रस्सा कसा करतात ते समजावलं. ते हसत होते, पण बादली त्यांनी स्वतःच्या बाजूला सरकवून घेतली. खरं तर हे हिरवे किनारी खेकडे छोटे असतात, त्यात काही नसतं. खायचा तर बंदरावरच्या दुकानात ब्राऊन क्रॅब मिळतो, सोललेला, सँडविचमध्येही. तो मात्र आईने पास केला.

७. बांगडे

उन्हाळ्यात कॉबवरूनच मॅकरल ट्रिपच्या बोटी सुटतात, तासाभराच्या. फळ्यावर वेळा लिहिलेल्या असतात. गळ ते देतात, शिकवतात, एका दोरीला चार-पाच हुक आणि त्यांना पिसं लावलेली, थवा लागला की एका वेळी तीन-तीन वर येतात. मळमळ होणाऱ्यांनी आधी गोळी घ्या. मॅकरल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, पाठीवर निळे-हिरवे नागमोडी पट्टे, अंगाने जरा तेलकट. पकडलेले नेता येतात.

तर आमच्याकडे अकरा बांगडे आले, आईने मसाल्याच्या डब्यातून आमसुलं आणि तिरफळं काढली, निम्म्याचं तिकलं केलं आणि निम्मे तव्यावर टाकले. पाचव्या मिनिटाला घरातले दोन्ही स्मोक अलार्म एकदम किंचाळायला लागले. बाबा टॉवेल फडकवतायत, मुलं कानावर हात ठेवून अंगणात, शेजारच्या बाई कुंपणावरून "एव्हरीथिंग ऑलराइट?" त्यामुळे शहाणपण: तळण्याआधी खिडक्या सगळ्या उघडा, एक्झॉस्ट लावा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. अलार्मवर पिशवी वगैरे बांधू नका, ते धोक्याचं आहे. काटे-डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पिशव्यांत बांधून बाहेरच्या बिनमध्ये. बीचवर डिस्पोजेबल बार्बेक्यू लावून भाजू म्हणाल तर डॉर्सेटमध्ये बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी आहे, आधी बोर्ड बघा.

८. पाण्यात उतरताना

लाइमच्या पुढच्या बाजूला छोटा वाळूचा बीच आहे, ती वाळू फ्रान्सहून आणून टाकलेली आहे, त्यामुळे किल्ले बांधायला एकदम मऊ. लहान मुलांना हाच. लाल-पिवळे झेंडे दिसले तर त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, तिथे लाइफगार्डचं लक्ष असतं. नुसता लाल असेल तर उतरायचंच नाही. वाऱ्याची नारिंगी पिशवी फडकत असेल तर हवेच्या गाद्या, रबरी बदकं पाण्यात न्यायची नाहीत, वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि बदक मुलासकट लांब जातं. एकदम उडी मारू नका, थंड पाण्याने श्वास अडकतो, हळूहळू कंबरेपर्यंत, मग पुढे. घाबरायला झालं तर हातपाय न मारता पाठीवर पडून तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या. आणि कोणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा, स्वतः मागे उडी मारू नका. लाइफबोटवाली आरएनएलआय ही १८२४ पासूनची धर्मादाय संस्था, बोटीवर जाणारे बहुतेक सगळे गावातले स्वयंसेवक. त्यांच्या डब्यात दोन पौंड टाका.

९. एखाद-दोन दिवस बाहेर

गोल्डन कॅप, १९१ मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची सगळ्यात उंच जागा. समुद्राच्या बाजूने चढलात तर जीव जातो, लँग्डन हिलच्या नॅशनल ट्रस्टच्या कार पार्कमधून गेलात तर बरीचशी उंची गाडीनेच चढलेली असते. बाबा सत्तरीचे, हळूहळू का होईना वर आले. वाटेत गाई असतील, वासरं बरोबर असली तर लांबून वळसा घाला, फाटकं मागे बंद करा.

चेसिल बीच, १८ मैल लांब गोट्यांचा बांध. वेस्ट बेच्या टोकाला वाटाण्याएवढे खडे आणि पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे. जुने कोळी रात्री अंधारात बोट लागली तर खडा हातात घेऊन आपण कुठे आलोय ते ओळखायचे असं सांगतात. इथे पोहायचं नाही, दोन पावलांवर एकदम खोल आहे आणि लाट आत ओढते. गोटे घरी न्यायलाही मनाई आहे. जवळच ॲबट्सबरीची स्वॅनरी, जवळजवळ हजार वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी सुरू केलेली हंसांची वसाहत (त्यांनी खाण्यासाठी पाळले होते, हे मुलांना सांगू नका). मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पिल्लं बाहेर येतात, घरट्यांच्या अगदी मधून चालता येतं.

डर्डल डोअरला सगळे जातात, फोटोतली ती दगडी कमान. सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण लाइमहून गाडीने तास-सव्वा तास, पार्किंग महाग, वरून उतरायला तीव्र उतार आणि पायऱ्या, आणि ऑगस्टमध्ये गणपतीतल्या लालबागसारखी गर्दी. गुडघेवाल्यांनी शेजारच्या लुलवर्थ कोव्हलाच थांबावं, ते सपाट आहे.

१०. खाणं

फिश अँड चिप्स, व्हिनेगर मारके. कॉड किंवा हॅडक घ्या. शाकाहारी मंडळींनी चिप्स घेण्याआधी तेल कुठलं ते विचारा, काही दुकानांत बीफ ड्रिपिंग म्हणजे बैलाच्या चरबीत तळतात, आणि नसलं तरी बऱ्याचदा मासे तळलेल्याच तेलात चिप्स असतात. आणि खाताना पाठ भिंतीला लावून बसा. इथले सीगल कावळ्यांचे बाप, माझ्या बायकोच्या हातातला अख्खा कॉड एकाने मागून येऊन नेला, तिला फक्त पंखाचा वारा लागला.

दुपारी क्रीम टी घ्याच: गरम स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे जाड पिवळसर साय. डेव्हनमध्ये आधी साय मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट, आणि ह्यावरून ते लोक खरोखर भांडतात. डॉर्सेटचा ॲपल केकही छान.

पाऊस पडणारच, एक दिवस धरून चाला. लाइमचं म्युझियम मेरी ॲनिंगच्या घराच्या जागेवरच आहे, अर्धा दिवस जातो, मग टाउन मिल, पाण्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी. नाहीतर दोन पेन्सच्या नाण्यांच्या मशीनपाशी मुलांना सोडा.

११. घरी आणल्यावर

फॉसिल आणून नुसते खिडकीत ठेवू नका. आधी गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून, पाणी बदलत, मीठ काढा, मग पूर्ण वाळवा. चमकणारे पायराइटचे असतील तर घट्ट झाकणाच्या डबीत, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, दमट हवा लागली की ते आतून गंजतात.

हे मी आईला सांगायला विसरलो. तिने मुलीने दिलेला सोनेरी ॲमोनाइट देवगडला नेऊन देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी बसवला आणि रोज दोघांना आंघोळ घातली. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या कडेने पांढरी पूड यायला लागली, दिवाळीला दोन तुकडे झाले. फोनवर म्हणाली, "तुमचा तो नाजूक निघाला हो. पुढच्या वेळी दगडाचा आण, पाणी सोसणारा." चुनखडीतले सोसतात, करड्या रंगाचे, चमक नसते. पुढच्या अमावास्येची ओहोटी बघून ठेवली आहे.